एकट्याचा गेम दोघांचा करताना

सिंगल-प्लेअर व्हिडिओ गेममध्ये को-ऑप, म्हणजे दोघातिघांनी मिळून एकाच बाजूने खेळण्याची सोय, नंतर घालता येईल का, असा प्रश्न गाजलेल्या गेमच्या निर्मात्यांना हटकून विचारला जातो. विचारणाऱ्याला काम सोपे वाटते. पडद्यावर आणखी एक पात्र उभे करायचे आणि त्याची सूत्रे इंटरनेटवरून मित्राच्या हाती द्यायची, झाले! एवढे काम खरोखरच फार अवघड नसते. दोन पात्रे एकाच मैदानात धावताना दाखवणारा नमुना हौशी मंडळीही तयार करतात. पंचाईत त्यानंतर सुरू होते. 'खेळाडू एकच आहे' ही गोष्ट अशा गेममध्ये कुठे एका जागी लिहिलेली नसते. ती गृहीत धरलेली असते, आणि तीही शेकडो ठिकाणी: शत्रू कोणाच्या दिशेने वळतो, घड्याळ केव्हा थांबते, कॅमेरा कोणाच्या पाठीशी असतो, पेटीतली तलवार कोणाची, मेल्यावर गोष्ट कुठून सुरू होते. ही ठिकाणे हुडकून काढण्यातच बहुतेक श्रम जातात.

बेथेस्डा गेम स्टुडिओजचा 'स्कायरिम' हा 11 नोव्हेंबर 2011 रोजी आलेला गेम या बाबतीत नमुनेदार आहे. त्याच्या इंजिनात प्रत्येक माणसाला, भांड्याला, दाराला ओळखक्रमांक असतो आणि खेळाडूचा क्रमांक कायमचा ठरलेला आहे. गेममधल्या मोहिमा, म्हणजे क्वेस्ट, पॅपिरस नावाच्या स्क्रिप्ट-भाषेवर चालतात. या स्क्रिप्ट जागोजागी इंजिनाला विचारतात: खेळाडू कुठे आहे, त्याच्याजवळ अमुक वस्तू आहे का, तो अमुक माणसाशी बोलला का? उत्तर नेहमी त्या एकाच क्रमांकाच्या पात्राबद्दल येते. मित्र जोडला गेला तरी इंजिनाच्या लेखी तो खेळाडू नसतोच. फार तर गावकऱ्यांपैकी आणखी एक. त्याने ड्रॅगन लोळवला तरी स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो.

जगही त्या एका खेळाडूभोवतीच फिरते. स्कायरिमचा प्रदेश चौरस तुकड्यांत विभागलेला आहे, आणि मूळ मांडणीत खेळाडू उभा असतो तो तुकडा मध्ये धरून पाच गुणिले पाच, म्हणजे 25 तुकडेच पूर्णपणे चालते ठेवले जातात. त्यापलीकडच्या पहारेकऱ्यांचा आणि लांडग्यांचा फक्त ढोबळ हिशेब ठेवला जातो. एकट्या खेळाडूसाठी ही काटकसर शहाणपणाची आहे, कारण जे कोणी पाहत नाही ते रंगवण्यात अर्थ नाही. पण एक जण व्हाइटरन शहरात आणि दुसरा रिफ्टनमध्ये असेल तर दुसऱ्याभोवतीचे जग कोणी चालवायचे? यजमानाच्या संगणकाने दोन्हीकडचे चालवावे, तर इंजिन एकच केंद्र मानते. प्रत्येकाने आपल्याभोवतीचे चालवावे, तर दोघे एका जागी आल्यावर एकाच लांडग्याचे दोन मालक होतात: एका पडद्यावर तो मेलेला, दुसऱ्यावर अंगावर धावून येणारा. 'स्कायरिम टुगेदर' हा हौशी प्रोग्रॅमरांचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बाहेरच्यांनी केलेला बदल, वर्षानुवर्षे याच गुंत्याशी झगडला. त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती जुलै 2022 मध्ये आली, तोवर मूळ गेमला दहा वर्षे उलटून गेली होती. क्वेस्टच्या बाबतीत त्यांनी एक व्यवहारी तोड काढली. गटाचा एक पुढारी ठरतो, मोहिमेची गाडी त्याच्यामुळे पुढे सरकते आणि बाकीच्यांची नोंद त्याच्यामागोमाग होते.

यापेक्षा सोपी तोड म्हणजे जग रिकामे करणे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'साठी 2003 पासून तयार होत गेलेल्या 'मल्टी थेफ्ट ऑटो' या मॉडमध्ये मूळ शहरातली वर्दळ एरवी दिसतच नाही. पादचारी नाहीत, वाहतूक नाही; रस्त्यांवर फक्त माणसांनी चालवलेली पात्रे. प्रत्येक पादचाऱ्याची जागा प्रत्येक संगणकावर जुळवत बसण्यापेक्षा पादचारीच काढून टाकलेले बरे, हा हिशेब समजण्याजोगा आहे. त्यात मूळ शहराचा अर्धा जीव जातो, हेही खरे.

हे सारे घराबाहेरच्या लोकांचे प्रयत्न झाले. मूळ निर्मात्याच्या हाती कोड असतो, तरी काम चुकत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी साडेचार वर्षे एकट्याने खपून केला आणि तो 26 फेब्रुवारी 2016 रोजी आला. चौघांपर्यंत मिळून खेळण्याची सोय 1.3 या आवृत्तीत, 1 ऑगस्ट 2018 रोजी आली, आणि तिच्यातला नेटवर्कचा भाग चकलफिश या प्रकाशक कंपनीच्या टॉम कॉक्सन यांनी लिहिला. मधली जवळजवळ अडीच वर्षे कशात गेली याचा अंदाज कोडवरून येतो. आधी पात्राची ऊर्जा, झाडाची वाढ, पेटीतल्या वस्तू या साध्या चलांत साठवलेल्या होत्या. नव्या आवृत्तीत त्यांच्या जागी 'नेट' प्रकारची चले आली. अशा चलाची किंमत बदलली की ते स्वतःहून ती बातमी बाकीच्या संगणकांना कळवते. कल्पना सुटसुटीत आहे, पण ती गेममधल्या एकेका वस्तूला लावावी लागते. एखादे चल नजरेतून सुटले की एकाच्या शेतात भोपळा पिकलेला आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तो अजून कोंबच. या बदलाने त्या गेमसाठी बाहेरच्यांनी लिहिलेले असंख्य मॉड मोडले आणि ते त्यांना नव्याने लिहावे लागले.

चले जुळवायची तर संदेश पाठवावे लागतात आणि संदेशाला वेळ लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. म्हणजे तंतू अगदी सरळ टाकलेला असता तरी संदेश जाऊन उत्तर यायला किमान 72 मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते आणि वाटेत यंत्रेही वेळ खातात, त्यामुळे आकडा बराच वाढतो. सेकंदाला 60 चित्रे काढणाऱ्या गेममध्ये एक चित्र 16-17 मिलिसेकंदांत होते. म्हणजे मुंबईतल्या भावाने बटण दाबल्याचे लंडनमधल्या बहिणीला कळून उत्तर येईपर्यंत निदान चार चित्रे उलटून गेलेली असतात. हा विलंब कोणत्याही प्रोग्रॅमरला काढून टाकता येत नाही. तो फक्त लपवता येतो.

लपवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत एक संगणक सर्व्हर म्हणजे पंच ठरतो आणि खरी स्थिती त्याचीच मानली जाते. खेळाडूचा स्वतःचा संगणक पंचाच्या निकालाची वाट न पाहता अंदाजाने पात्राला पुढे सरकवतो, आणि निकाल वेगळा आला तर गुपचूप दुरुस्ती करतो. इड सॉफ्टवेअरच्या 'क्वेकवर्ल्ड'ने 1996 च्या अखेरीस हा अंदाजाचा मार्ग इंटरनेटवर खेळणाऱ्यांच्या अंगवळणी पाडला. दुरुस्ती मोठी असेल तर पात्र झटका बसल्यासारखे मागे जाते. खेळणारे त्यालाही 'लॅग' म्हणूनच शिव्या घालतात.

दुसरी पद्धत पत्राने बुद्धिबळ खेळण्यासारखी आहे: दोघांच्या घरी आपापला पट, टपालात फक्त चाली. प्रत्येक संगणक पूर्ण गेम स्वतः चालवतो आणि एकमेकांना फक्त खेळाडूंचे हुकूम कळवले जातात. हजारो वस्तूंच्या गेमला हाच मार्ग परवडतो. एन्सेम्बल स्टुडिओजच्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी 'एज ऑफ एम्पायर्स'च्या अनुभवावर 2001 साली लिहिलेल्या लेखाचे नावच 28.8 च्या मोडेमवर 1,500 तिरंदाज अशा अर्थाचे आहे. एवढ्या सैनिकांच्या जागा त्या मोडेममधून पाठवणे अशक्य होते. हुकूम मात्र सहज मावत. त्यांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे: त्या प्रकारच्या गेममध्ये हुकूम 250 मिलिसेकंद उशिरा अमलात आला तरी कोणाच्या लक्षात येत नसे, आणि कधी झटपट तर कधी उशिरा यापेक्षा सतत सारखाच उशीर लोकांना चालत असे.

या पद्धतीची अट मात्र कडक आहे. सगळ्या संगणकांवर अगदी तंतोतंत तेच घडले पाहिजे. त्या दोघांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. नकाशा तयार होताना एखादे हरीण एका संगणकावर किंचित तिरके उभे राहते. ते जरा निराळ्या दिशेने चरत जाते. काही मिनिटांनी त्याच्या शिकारीला निघालेला गावकरी थोड्या वेगळ्या वाटेने जातो, त्याचा भाला चुकतो आणि तो मांसाशिवाय घरी परततो. एवढ्यावर दोन जगे कायमची फुटतात, आणि चूक दिसते तेव्हा हरणाची गोष्ट केव्हाच मागे पडलेली असते. एकट्यासाठी लिहिलेल्या कोडला अशी शिस्त कधी लागलेली नसते. त्यात फासे टाकणारा यादृच्छिक आकड्यांचा झरा धूर उडवण्यासाठी आणि शत्रूचा नेम ठरवण्यासाठी एकच वापरलेला असतो. एकाच्या पडद्यावर धूर दिसला, दुसऱ्याच्या नाही, की पुढचे सगळे फासे बदलले. अपूर्णांकांची आकडेमोडही वेगवेगळ्या यंत्रांवर शेवटच्या दशांशात फरक दाखवू शकते. प्राग शहरातल्या वूबे कंपनीच्या 'फॅक्टोरियो'त 2014 च्या 0.11 आवृत्तीपासून मल्टीप्लेअर याच पद्धतीने आले. कारखान्याच्या पट्ट्यांवरून धावणाऱ्या लोखंड-तांब्याच्या असंख्य तुकड्यांसाठी दुसरा मार्ग नव्हता. संगणक आपल्या जगाचा गोषवारा एका आकड्यात काढून पडताळून पाहतात. आकडा जुळला नाही की त्याला 'डीसिंक' म्हणतात. चुकांची ही जात शोधायला सर्वांत चिवट, हे मत प्रोग्रॅमरांत जवळपास एकमुखी आहे.

नेटवर्कचा भाग इथे संपतो, आणि खरे तर अर्धेच काम संपते. उरलेले अर्धे गेमच्या रचनेचे आहे, आणि त्यात सर्वांत हट्टी वस्तू म्हणजे वेळ. एकट्याचा गेम केव्हाही थांबतो. पिशवी उघडली, नकाशा पाहिला, दुकानदाराशी घासाघीस केली, की बाहेरचे जग जागच्या जागी गोठते. किती तरी गेमची गती या थांब्यांवर उभी असते, आणि खेळणाऱ्याला ते कधी जाणवतही नाही. दोघांच्या गेममध्ये एकाने नकाशा उघडला म्हणून दुसऱ्याची तलवार हवेत अडकवून ठेवणे शक्य नसते.

स्टारड्यू व्हॅलीत हे अगदी जवळून पाहता येते. तिथला दिवस सकाळी 6 ला सुरू होऊन रात्री 2 ला संपतो, आणि गेममधली 10 मिनिटे घड्याळाच्या 7 सेकंदांत सरतात. हिशेब केला तर सबंध दिवस 14 मिनिटांचा होतो. एकटा खेळाडू पिशवी आवरताना घड्याळ थांबवतो, त्यामुळे त्याचा दिवस हवा तेवढा लांबतो. मिळून खेळताना घड्याळ चालूच राहते. पेटीत बिया शोधण्यात घालवलेले अर्धे मिनिट हे गेममधले पाऊण तास असते. दिवस संपवण्याचेही तेच. एकट्याने पलंगावर पडले की सकाळ. चौघांत मात्र सगळे झोपेपर्यंत पलंगावरचा माणूस वाट पाहत राहतो, आणि खाणीत उतरलेला मित्र वर यायला तयार नसतो. जत्रेलाही सगळे तयार असल्याशिवाय निघता येत नाही. हे नियम कोडच्या दृष्टीने किरकोळ आहेत, पण त्यांनी शांत, एकलकोंड्या गेमचा स्वभाव बदलला: आता कामे वाटून घ्यावी लागतात आणि कोणीतरी घड्याळाकडे पाहून इतरांना हाका मारतो. पैशांचेही असेच झाले. सुरुवातीला चौघांची तिजोरी एकच होती; वेगळ्या पाकिटांचा पर्याय नोव्हेंबर 2019 च्या 1.4 आवृत्तीत आला.

बेथेस्डाच्याच 'फॉलआउट' मालिकेत वेळेचा प्रश्न आणखी ठळक आहे. 'फॉलआउट 4' मध्ये व्हॅट्स नावाची यंत्रणा लढाईचा वेग एकदम मंद करते आणि शत्रूच्या हातावर, पायावर, डोक्यावर नेम धरायला उसंत देते. 2018 च्या 'फॉलआउट 76' मध्ये अनेक जण एकाच जगात आल्यावर वेग मंद करणे शक्यच नव्हते. व्हॅट्स ठेवले, पण ते चालू वेळेत. नाव तेच राहिले. विचार करायची उसंत, जी त्या यंत्रणेचा प्राण होती, ती गेली.

मरणाचा प्रश्न क्लेई कंपनीने फार चांगला सोडवला. त्यांचा 'डोन्ट स्टार्व्ह' 2013 साली एकट्यासाठी आला, आणि त्यात मेले की खेळ साधारणपणे तिथेच खलास. 2016 साली पूर्ण झालेल्या 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर'मध्ये मेलेला खेळाडू भूत होऊन भटकतो. भुताच्या सहवासाने जिवंत सोबत्यांचे मानसिक संतुलन ढासळत जाते, आणि त्याला परत आणायचे तर कोणीतरी स्वतःची प्राणशक्ती खर्च करून एक हृदय तयार करावे लागते. मेलेल्याला बसून राहावे लागत नाही, जिवंतांना त्याची झळ पोचते, आणि मरणाची भीतीही शाबूत राहते. नुसता 'दहा सेकंदांनी परत उठा' असा नियम केला असता तर त्या गेममध्ये काही उरले नसते. क्लेईने हा वेगळा गेम म्हणूनच काढला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

गोष्टीचे दुखणे याहून अवघड. स्कायरिममध्ये नायक हा भविष्यवाणीतला एकमेव ड्रॅगनबॉर्न. शेजारी त्याचा मित्रही तसाच उभा राहिला तर भविष्यवाणीला काय अर्थ? 'एल्डन रिंग'ने (2022) मदतीला येणारा पाहुणा मोठा शत्रू पडताच त्याच्या जगात परत पाठवला, आणि त्याला घोडाही दिला नाही. हौशी मंडळींनी मॉड लिहून ही बंधने काढली. भीतीच्या गेममध्ये तर सोबत हीच अडचण: अंधाऱ्या बोळात शेजारी मित्र गप्पा मारत असेल तर घाबरणार कोण? 'डेड स्पेस 3' ने (2013) यावर शक्कल लढवली. को-ऑपच्या काही भागांत कार्व्हर या पात्राच्या पडद्यावर जे भास दिसतात ते आयझॅक या दुसऱ्या पात्राच्या पडद्यावर दिसतच नाहीत, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे खुळ्यासारखे वाटू लागते. व्हॉल्व्ह कंपनीने 'पोर्टल 2' मध्ये (2011) हा वादच टाळला. एकट्याची कथा जशीच्या तशी ठेवली आणि दोघांसाठी दोन यंत्रमानवांची स्वतंत्र मोहीम, निराळ्या कोड्यांसह लिहिली. एकट्याची कोडी दोघांना देऊन चालत नाही, कारण एक जण सोडवतो आणि दुसरा उभा राहतो. रचनेच्या दृष्टीने व्हॉल्व्हचा निर्णय सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. खर्चाच्या दृष्टीने तो जवळजवळ दुसरा गेम आहे.

काठिण्याचा प्रश्न त्यामानाने आकड्यांनी सुटतो. 'डायब्लो 2' मध्ये प्रत्येक जादा खेळाडूमागे राक्षसांची प्राणशक्ती मूळच्या 50 टक्क्यांनी वाढते. लुटीवरून होणारी भांडणे मात्र आकड्यांनी मिटत नाहीत. तिथे पडलेली वस्तू जो आधी उचलेल त्याची, आणि त्यावरून मैत्री तुटल्याचे किस्से खेळणाऱ्यांत आहेतच. 2012 च्या 'डायब्लो 3' ने प्रत्येकाला स्वतःची वेगळी लूट दिली.

मग चाचणी. एक जण दुकानदाराशी बोलत असताना दुसऱ्याने दुकानदारालाच मारले तर? एक दारातून आत गेला, दार बंद झाले आणि दुसरा बाहेर राहिला तर? मधल्या चित्रफितीत एकाचे इंटरनेट गेले तर? मोहिमेची किल्ली ज्याच्या खिशात आहे तोच खेळ सोडून गेला तर? सेव्ह कोणाकडे? स्टारड्यूत शेत यजमानाच्या संगणकावर असते आणि तो नसला की इतरांना शेतावर जाता येत नाही. 'टेरारिया'त पात्र आणि जग वेगवेगळे साठवले जातात, त्यामुळे पात्र कुठल्याही मित्राच्या जगात नेता येते. सिंगल-प्लेअर गेममध्ये यांतला एकही प्रश्न उद्भवत नाही, म्हणून तिथल्या कोडमध्ये एकाचेही उत्तर नसते.

या सगळ्यावरचा खात्रीचा उपाय 'माइनक्राफ्ट'ने अमलात आणला. सुरुवातीला त्याचे एकट्याचे आणि अनेकांचे खेळ वेगवेगळ्या कोडवर चालत आणि एकीकडे चालणारी गोष्ट दुसरीकडे बिघडत असे. 1 ऑगस्ट 2012 रोजी आलेल्या 1.3 मालिकेपासून मोयांग कंपनीने एकट्याचा खेळ वेगळा ठेवलाच नाही. एकट्याने खेळ सुरू केला तरी संगणकात आतल्या आत एक सर्व्हर चालू होतो आणि खेळाडू त्याला जोडला जातो. त्यामुळे संगणकावर ओझे थोडे वाढले आणि जुनी यंत्रे वापरणाऱ्यांनी कुरकूर केली. पण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायचे काम गेले. अनरिअलसारख्या आजच्या तयार इंजिनांत सर्व्हर आणि पाहुणा हा भेद मुळातच घातलेला असतो. को-ऑपची नुसती शक्यता जरी वाटत असली तरी स्टुडिओने पहिल्या दिवसापासून या भेदावर कोड लिहिणे स्वस्त पडते. गेम गाजल्यानंतर तेच काम करायला स्टारड्यूला अडीच वर्षे लागली, आणि तो तर सपाट चित्रांचा, एका छोट्या खोऱ्याचा गेम होता.